सिनेमाचा मधला भाग

९ फेब्रुवारी

आक्का,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. फोन केला असता, पण फोनवर तू "हं, हं" करतेस आणि तिकडे सुनेला "गॅस बारीक कर" सांगतेस. कागद समोर असला की निदान अर्धं तरी लक्ष देशील.

दुसऱ्या डोळ्याचंही मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पहिलं काय दिसलं, तर छताची जळमटं. आमच्या सुनेला म्हटलं, अगं, एवढी? ती म्हणाली, "आई, ती कधीचीच आहेत. तुम्हीच सगळ्यांना सांगत होतात, आमचं घर आरशासारखं आहे." घ्या!

आता खरी बातमी. मी सिनेमे बघणार आहे. हसू नकोस. तुला काय त्याचं अप्रूप! अठ्ठावीस वर्षं थेटरच्या दारावर उभी राहिलीस, जगातले सगळे सिनेमे फुकटात पाहिलेस. मी इथे सासूबाईंच्या राज्यात. सिनेमाचं नाव काढलं की त्यांच्या कपाळावर चार आठ्या. त्या गेल्या तोवर शिवणाचं दुकान वाढलं होतं, आणि दुकानातून मान वर काढेपर्यंत डोळे गेले, टीव्हीवरही नुसतं धुकं. एकाहत्तर वर्षांची घोडी झाले, एक सिनेमा पाहिलेला नाही.

पण गोष्टी सगळ्या तोंडपाठ. दर नव्या सिनेमाची गोष्ट तू मला अथपासून इतिपर्यंत लिहिलीस. ती पत्रं बिस्किटांच्या चार डब्यांत माझ्या कपाटात आहेत. दुकानात पोरींना काजं करायला बसवलं की मी त्यांना त्याच गोष्टी सांगायची. आता त्या पोरींच्या पोरी सांगतात.

इथल्या वाचनालयात दर शनिवारी दुपारी म्हाताऱ्या माणसांसाठी भिंतीवर जुने गाजलेले सिनेमे दाखवतात. वाचनालयवाली बाई माझ्याकडूनच कपडे शिवून घेते. ती म्हणाली, "काकू, अर्ध्यांना ऐकू येत नाही, अर्ध्यांना झोप लागते. तुम्ही आधी उभं राहून गोष्ट सांगा, म्हणजे ज्याला जिथे जाग येईल तिथून त्याला कळेल." मी लगेच हो म्हटलं. पहिलाच सिनेमा कुठला असेल? घड्याळवाल्याच्या पोरीचा! तोच, जो वाचून मी सासूबाईंना न विचारता शिवणयंत्र उचलून बाहेर पडले होते. आता त्या पोरीला मी डोळ्यांनी बघणार.

दोन रात्री झोप नाही. नवं पातळ काढलंय.

तुझी,
धाकटी


१२ फेब्रुवारी

धाकटे,

तुझं पत्र सकाळी मिळालं आणि दुपारी उत्तर टाकतेय. यावरूनच काय ते ओळख.

डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे शर्टाला बटण लावणं वाटलं का तुला? डॉक्टरला विचारलंस का सिनेमा चालेल का म्हणून? आमच्या शेजारची म्हातारी ऑपरेशननंतर टीव्हीसमोर ठाण मांडून बसली, तर आता तिला दोन-दोन सुना दिसतात. एक होती तीच तिला जड होती.

दुसरं म्हणजे जुन्या सिनेमांचं काही खरं नसतं. रिळं सडतात. मग कुणीतरी ती मशीनवर चढवतो आणि जे सापडेल ते जोडतो. सुरुवात नीट राहते, शेवट नीट राहतो, पण मधला भाग पार बदलून जातो. मी थेटरात जन्म घालवलाय, मला माहीत आहे. तेव्हा मधे काही वेगळं दिसलं तर माझ्या नावाने बोटं मोडू नकोस, आत्ताच सांगून ठेवते.

आणि भाषणाला तर मुळीच उभी राहू नकोस. तुला बोलायची हौस, लोकांना झोपायची. त्यांची झोप कशाला मोडतेस? फारच वाटलं तर घड्याळवाल्याचा सोडून दुसरा लावायला सांग. तो मुळातच रटाळ होता.

पातळ जपून ठेव, लग्नकार्यात नेसता येईल.

आक्का


२४ फेब्रुवारी

आक्का,

तुझं पत्र पोचायच्या आत शनिवार येऊन गेला.

जे झालं ते सांगते. पस्तीस-चाळीस माणसं होती. मी पुढे उभी राहिले आणि सगळी गोष्ट सांगितली. म्हातारा घड्याळवाला, त्याची नजर अधू झालेली. गावाच्या मनोऱ्यावरचं मोठं घड्याळ बंद पडलेलं. पोरगी हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन खिडकीत बसलेली. ती पेटी उचलून एकटी परक्या गावी जाते, तिथला घड्याळजी म्हणतो, "बायकांचे हात पोळपाटाला, घड्याळाला नाही." ती त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून त्याचंच बिघडलेलं घड्याळ दुरुस्त करून दाखवते, वर्षभराने काम शिकून परत येते, मनोऱ्यावर चढते आणि घड्याळ चालू करते. माझ्या अंगावर काटा आला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग सिनेमा लागला. घड्याळवाला आला. मनोरा आला. पोरगी खिडकीत आली, पेटी मांडीवर, अगदी तू लिहिलं होतंस तशी, केसांत तुटका कंगवासुद्धा. मी शेजारणीला कोपराने ढोसलं, बघ, आता उठेल.

आक्का, ती उठली. पाणी प्यायली. तिला चक्कर आली. ती खाटेवर पडली. आणि दीड तास पडूनच राहिली! ताप. औषध. गाणं. परत ताप. बाप कामधाम सोडून उशाशी. आणि घड्याळ कोण दुरुस्त करतो? बापाचा वैरी येऊन करतो, शरमेने! शेवटी ती बरी होऊन मनोऱ्यावर चढते, ती नुसती चावी द्यायला!

पहिली दहा मिनिटं लोक एकदा पडद्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होते. मग मागून खुसखुस सुरू झाली. इथे एक निवृत्त हेडमास्तर आहेत, पहिल्या रांगेत छडीसारखे ताठ बसतात. ते दिवे लागल्यावर उभे राहिले आणि म्हणाले, "काकूंनी जो चित्रपट सांगितला तो उत्तम होता. तो कुठे लागलाय, तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं." सगळं वाचनालय हसलं. मी चपला हातात घेऊन बाहेर आले.

लोक हसले याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. दुसरंच खुपतंय. सासूबाई म्हणाल्या होत्या, या घरातल्या बाया बाहेर बसून दुसऱ्यांचे कपडे शिवत नाहीत. मी तेव्हा मनात म्हटलं, घड्याळवाल्याची पोर पायरीवर बसली की नाही? मग मीही बसेन. आणि बसले. ती पोर जर कधी उठलीच नाही, तर मी गेले कुणाच्या मागे?

सरळ सांग. तू तो सिनेमा पाहिला होतास की नाही?

धाकटी


२ मार्च

धाकटे,

पत्र मिळालं. गुडघ्याने डोकं वर काढलंय. सून माहेरी. नातीची परीक्षा. सविस्तर मागाहून लिहीन.

आक्का


७ मार्च

आक्का,

पत्र गुडघ्याने लिहितेस का?

हो की नाही?

धाकटी


३ एप्रिल

धाकटे,

नाही.

झालं समाधान? आता ऐक, आणि मधे तोंड घालू नकोस. पत्राचा तेवढाच एक फायदा.

दारावरच्या बाईचं काम कसं असतं, हे तू मला अठ्ठावीस वर्षांत एकदाही विचारलं नाहीस. तिकीट फाडायचं, हातात बॅटरी घेऊन माणसाला त्याच्या खुर्चीपर्यंत पोचवायचं. माणसं काय, सिनेमा सुरू झाला तरी येतच राहतात. म्हणून सुरुवातीची वीस मिनिटं मी आत. मग दार बंद आणि मी बाहेर. मॅनेजरचा हुकूम. माझ्या आधीची बाई एकदा आत थांबून हुंदके देत बसली आणि तेवढ्यात बिनतिकिटाची तेवीस माणसं आत घुसली. तेव्हापासून दारवालीने सिनेमा बघायचा नाही म्हणजे नाही. मध्यंतराला दार उघडायचं, तर तेव्हा पडदा पांढराफटक. शेवटची दहा मिनिटं मात्र परत आत, कारण लोक उठायच्या आधी कड्या काढाव्या लागतात. मधल्या वेळात मागच्या खोलीत बसून फाटक्या खुर्च्यांच्या गाद्या शिवायच्या. लोक ब्लेडने कापायचे. कशाला कापायचे ते देव जाणे. आवडला म्हणून कापायचे आणि नाही आवडला म्हणूनही कापायचे.

म्हणजे मला प्रत्येक सिनेमाचं डोकं माहीत आणि शेपूट माहीत. पोट एकाचंही नाही.

तू म्हणशील, सुट्टीच्या दिवशी पास मिळायचा ना? मिळायचा. सुट्टीच्या दिवशी घरात दोन कार्टी आणि आठवड्याचे कपडे असायचे. आणि ज्या दारात सहा दिवस पाय मोडले तिथे सातव्या दिवशी नटूनथटून जाऊ? एकदा प्रोजेक्टरवाल्याला विचारलं, काय रे, मधे काय होतं? तो म्हणाला, "चौथं रीळ दोन ठिकाणी तुटलंय, पाचवं ठीक आहे." त्याचा सिनेमा तेवढाच.

मग तुला का लिहिलं? तुझ्या लग्नाला तीन महिने झाले होते तेव्हाचं तुझं पत्र आठवतं का? लिहिलं होतंस, खिडकीतून समोरची भिंत दिसते, तिच्यात एकशे चौदा विटा आहेत. मी म्हटलं, ही पोरगी विटा मोजायला लागली, म्हणजे हिचं लक्षण ठीक नाही. तुला पाठवण्यासारखं माझ्याजवळ दुसरं काय होतं? सिनेमा होता. तोही दोन तुकड्यांत. मग मधे मी माझ्या पदरचं कापड लावलं. खुर्च्यांना लावायची तसंच. तू उलट टपाली लिहिलंस, फार आवडला, अजून पाठव. झालं! एकदा थाप पचली की दुसरी आपोआप येते.

घड्याळवाल्याच्या पोरीचं म्हणशील, तर भिंतीपलीकडून मला बोलणं ऐकू यायचं नाही, गाणी तेवढी यायची. त्या सिनेमात एक संथ गाणं होतं, संपता संपत नव्हतं. मला वाटलं, रस्ता लांबचा आहे, पोरगी चालतेय. ती खाटेवर पडून गातेय हे मला कसं सुचणार? आपल्या घरात कधी कुणी पडून राहिलंय का? आईचा ताप उभ्याने यायचा आणि उभ्यानेच जायचा.

राहिलं तुझं ते, कुणाच्या मागे गेले वगैरे. अगं, पुढे कुणी नव्हतंच. तू एकटीच चालत होतीस. उगाच त्या आजारी पोरीला मोठेपणा कशाला देतेस?

माफीबिफी मी मागणार नाही. रागवायचं तर खुशाल रागव. पण डबे फेकू नकोस. तसे पत्र्याचे डबे आता मिळत नाहीत.

आक्का


२८ एप्रिल

आक्का,

तीन आठवडे उत्तर नाही म्हणून तुझा जीव टांगणीला लागला असेल. लागू दे. मुद्दाम नाही लिहिलं.

पहिले आठ दिवस मी धुमसत होते. नवव्या दिवशी डबे उघडले, म्हटलं बघू तरी ही बाई किती खोटं बोललीय. जमिनीवर पसारा मांडून सकाळपासून वाचत बसले. बोटीवरच्या नर्सचा काढला, विहीर खणणाऱ्याचा काढला, दोन भाऊ आणि एका घोड्याचा काढला. आक्का, तुझ्या एकाही सिनेमात मधल्या भागात कुणी बसून रडत नाही! नर्स सुकाणू हातात घेते. विहीरवाल्याची बायको दोर कमरेला बांधून स्वतः खाली उतरते. आणि घोड्याच्या सिनेमात घोडा दोन्ही भावांना सोडून आत्याबाईंबरोबर निघून जातो! मी इतकी हसले की सून पाणी घेऊन धावत आली. ती म्हणाली, "आई, डोळ्यांवर ताण येईल." म्हटलं, येऊ दे गं, डोळे कशासाठी करून घेतलेत?

मग मी ठरवलं, वाचनालयात जाऊन कबूल करायचं. शनिवारी गेले आणि तुझं पत्र मोठ्याने वाचून दाखवलं, "नाही" पासून डब्यांपर्यंत. लोक हसले, पण या वेळी वेगळं हसले. घोड्याचं सांगितलं तर एक आजोबा खुर्चीवरून घसरले. वाचनालयवाली म्हणाली, "काकू, असंच करूया." तेव्हापासून आमच्याकडे पहिली वीस मिनिटं सिनेमा दाखवतात, मग बंद करतात, दिवे लावतात आणि मी तुझं पत्र वाचते. मग शेवटची दहा मिनिटं दाखवतात. कुणाला झोप लागत नाही. मागच्या शनिवारी चव्वेचाळीस माणसं होती, शेजारच्या न्हाव्याच्या दुकानातून खुर्च्या आणाव्या लागल्या.

पण हेडमास्तर पेटलेत. "चित्रपट म्हणजे काय चादर आहे, ज्याने त्याने आपल्या अंगावर ओढायला? कुणीतरी दोन-दोन वर्षं खपून तो केलेला असतो." आता त्यांनी पैज लावलीय. येत्या सोळा मेला घड्याळवाल्याचा सिनेमा पुन्हा पूर्ण दाखवायचा, त्यानंतर तुझा मधला भाग वाचायचा, आणि हात वर करून मतं घ्यायची. तुझा जिंकला तर दर शनिवारी मी बोलणार, ते ऐकणार. मूळचा जिंकला तर मी मागच्या रांगेत तोंड मिटून बसायचं, कायमचं. मी सगळ्यांसमोर हो म्हणून बसलेय.

आक्का, मला ती पुढची जागा सोडायची नाही. आयुष्यभर मान खाली घालून शिवण केलं, आता या वयात चाळीस माणसं माझ्या तोंडाकडे बघत बसतात. तू ये. तुझा मधला भाग तूच वाच. तुझ्या तोंडून ऐकला तर हेडमास्तरसुद्धा हात वर करेल.

धाकटी


३ मे

धाकटे,

तुला कुणी सांगितलं होतं पैज घ्यायला? लहानपणीही अशीच. झाडावर आधी चढायचं आणि मग आक्का, आक्का करायचं.

मी येणार नाही. सहा तासांची बस, त्यात माझा गुडघा. आणि चाळीस माणसांपुढे मी काय वाचणार? आमची शाळा चौथीत संपली. दारावर मी तीनच वाक्यं बोलत आले. "तिकीट दाखवा", "पाय आत घ्या" आणि "बाळ रडतंय, बाहेर या".

शिवाय आत बसून अख्खा सिनेमा बघायचा म्हणजे मला भीतीच वाटते. मॅनेजर जाऊन वीस वर्षं झाली, थेटराच्या जागी गाद्यांचं गोदाम झालं, तरी वाटतं की कुणीतरी खांद्यावर हात ठेवेल आणि म्हणेल, बाई, बाहेर.

तू वाच. आवाज मोठा काढ. त्या हेडमास्तरकडे बघू नकोस.

आक्का


१० मे

धाकटे,

येते. सून म्हणाली, "जा एकदाच्या, आठ दिवस झाले, भांडी आपटताय."

पंधरा तारखेची सकाळची बस. घ्यायला येऊ नकोस, उन्हात उभी राहशील आणि परत माझ्यावरच उपकार सांगशील.

आक्का


२४ मे

आक्का,

बस सुटताना तू खिडकीतून हात हलवलास आणि मी हलवला नाही. का, ते तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, नाहीतर माझ्या जिभेला फोड येईल.

कशी बसवली होती तुला! मधल्या रांगेत, पंख्याखाली. पण तू बसलीस का? उशिरा आलेल्या माणसांना हाताला धरून खुर्च्या दाखवत फिरलीस. हेडमास्तरला म्हणालीस, "पाय आत घ्या." त्यांनी घेतले! जन्मात पहिल्यांदा कुणीतरी त्यांना आज्ञा केली असेल.

मग सिनेमा लागला. मी तुझ्याकडे चोरून बघत होते. तू एकदाही हलली नाहीस. तुझं वाचन झालं, तेही काय वाचलंस गं! घड्याळजीच्या पायरीशी आलीस तेव्हा न्हावी आपलं दुकान उघडं टाकून दारात येऊन उभा होता. मी मनात म्हटलं, जिंकलो.

वाचनालयवालीने हात मोजले. आपल्या बाजूने बावीस. सिनेमाच्या बाजूने बावीस. आणि तेविसावा हात कुणाचा? माझ्या सख्ख्या बहिणीचा! हेडमास्तरांचंही तोंड उघडं राहिलं. ते म्हणाले, "बाई, तुमची काहीतरी चूक होतेय, हा मूळ चित्रपटासाठी आहे." आणि तू म्हणालीस, "मला मोजता येतं."

सहा तास बसचे धक्के खात आलीस ती मला पाडायला? रात्रभर मी तुझ्याकडे पाठ करून झोपले. तुला विचारलंसुद्धा नाही, कारण उत्तर ऐकायचं नव्हतं.

आता कालचं ऐक. शनिवार. शब्द म्हणजे शब्द. मी मागच्या रांगेत जाऊन बसले, ओठ असे मिटले की बटणच लावलं म्हण ना. विहीरवाल्याचा सिनेमा लागला. वीस मिनिटं झाली. नवऱ्याचा हात मोडला, बायको विहिरीच्या काठाशी आली, आत वाकून बघायला लागली. सिनेमा पुढे चालू राहिला, पण बघणारं कुणी नव्हतं. एक मान वळली. मग दुसरी. बघते तर चव्वेचाळीस माणसं पडद्याकडे पाठ करून माझ्याकडे बघतायत. मी हाताने खूण केली, तिकडे बघा, तिकडे.

हेडमास्तर उठले. मला वाटलं, आता ओरडणार. ते म्हणाले, "दिवे लावा. हे असं चालणार नाही. काकू, ती विहिरीत उतरते की नाही?"

मी म्हटलं, "पैज तुम्ही जिंकलात, मी बोलणार नाही."

"पैज मी जिंकलो, म्हणजे मोडायचा हक्कही माझाच. आधी तुम्ही सांगा, मग आपण मूळचाही बघू. दोन्ही बघू. मला घरी जाऊन तरी कोण विचारतंय?"

मी पुढे गेले, आक्का. तशीच, चप्पल मागच्या रांगेत विसरून.

पण म्हणून तुझा हात मी विसरलेले नाही. तो का वर गेला?

धाकटी


३० मे

धाकटे,

तुला फोड येऊ नये म्हणून लगेच लिहितेय.

तू माझ्याकडे चोरून बघत होतीस ते मला दिसत होतं. सिनेमा बघायला गेली होतीस की मला?

हात का वर केला, तर ऐक. ती पोरगी पडली ना खाटेवर, तेव्हा मी पहिली पाच मिनिटं मनात म्हणत होते, ऊठ गं, ऊठ, काय लावलंयस. मग शेजारीण आली, तिने केस विंचरून दिले. बाप आला. बाहेर लोक ओरडतायत, मनोऱ्याचं घड्याळ बंद आहे, गावाला वेळ कळत नाही. बाप म्हणाला, "नाही कळली तर नाही कळली," आणि पंख्याने वारा घालत बसला. सगळं गाव खोळंबलं आणि तो बसलाय. तिला कुणी उठवलं नाही. दीड तास! मी म्हटलं, आता कुणीतरी येऊन म्हणेल, पुरे झालं, भांडी पडलीत. कुणी आलंच नाही.

अगं, असं मला सात जन्मात सुचलं नसतं. माझ्या मधल्या भागात मी सगळ्यांना कामाला लावलं, घोड्यालासुद्धा. कारण मला तेवढंच ठाऊक होतं. ज्याने हा सिनेमा केला त्याला माझ्यापेक्षा एक गोष्ट जास्त ठाऊक होती. मग हात वर करायला नको? तू बहीण आहेस म्हणून खोटं मत देऊ? खोटं तुला अठ्ठावीस वर्षं दिलंच की.

तुझी जागा जाईल हे मला माहीत होतं. वाईट वाटलं. पण तुझी जागा जाणार नाही हेही माहीत होतं. दारावर उभं राहून मी दुसरं काही शिकले नसेन, पण माणूस उठून जाणार की बसून राहणार, हे मला त्याच्या मानेवरून कळतं. त्या चव्वेचाळीस माना तुझ्याकडेच होत्या. हेडमास्तरची तर सगळ्यात आधी. तो एकटा राहतो ना? वाटलंच. पातळ नेसून पुढे उभी राहतेस, जरा सांभाळून.

पुढच्या महिन्यात परत येईन म्हणते. नर्सचा लावायला सांग, आधी अख्खा. ती सुकाणू हातात घेते की नाही ते मलाही बघायचंय. नाही घेतलं तर मग काय करते?

काल दुपारी जेवण झालं आणि मी पंखा लावून आडवी झाले. झोपले नाही, नुसती पडले. दोन तास. भांडी तशीच. सून दोनदा डोकावली, तिसऱ्यांदा आत आली आणि कपाळाला हात लावून म्हणाली, "आई, बरं नाही का?"

म्हटलं, चांगली ठणठणीत आहे, म्हणून तर पडलेय.

तूही पडत जा. शनिवार सोडून.

आक्का